अडलेला शब्द ओलांडायचा नाही : अलीकडे वाचलेली मराठवाड्याची पुस्तकं

सिंदफणा

राम राम मंडळी. दिवाळीनंतर वाचून झालेल्या पुस्तकांबद्दल लिहितोय. कादंबरी, कथा, कविता, इतिहास, अगदी तेराव्या शतकातलं गद्य, अशी सरमिसळ आहे. पुस्तकं मात्र सगळी मराठवाड्यातली किंवा मराठवाड्याशी नातं सांगणारी. वाचताना एक पथ्य पाळलं, ते आधी सांगतो: शब्द अडला की अंदाजानं पुढं सरकायचं नाही. पेन्सिलीनं बारीक खूण करायची, शेवटच्या कोऱ्या पानावर शब्द आणि पान क्रमांक लिहायचा, आणि अर्थ लागेपर्यंत तो खोडायचा नाही. या पुस्तकांत लेखकाला जे सांगायचंय ते बऱ्याचदा नेमकं त्या अडलेल्या शब्दातच असतं.

सुरुवात दोन कादंबऱ्यांनी. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आणि देविदास सौदागर यांची 'उसवण', जिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दोन्हींच्या मध्यभागी गावातला शिंपी आहे, आणि दोन्हींत पन्नासेक वर्षांचं अंतर आहे. लागोपाठ वाचल्या तर एकाच शिलाई मशीनचे दोन काळ समोर येतात. 'पाचोळा' शिंप्याची बायको सांगते. इथं बोराड्यांनी केलेली गोष्ट फार मोठी आहे. ग्रामीण कादंबरीत एरवी लेखक प्रमाण भाषेत सांगतो आणि माणसं तेवढी बोलीत बोलतात. त्यामुळं सांगणारा वेगळा आणि गाव वेगळं पडतं. 'पाचोळा'त निवेदनच बोलीतलं असल्यानं ती फट उरत नाही. बाईला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, आणि दाराबाहेर काय शिजतंय याची धास्ती तिच्याइतकीच आपल्यालाही लागते. 'उसवण'मधलं संकट वेगळं. तिथं शिंप्याच्या पोटावर पाय आणणारं कुणी माणूस समोर उभं नाही, तयार कपड्यांचा बाजार आहे. भांडायचं कुणाशी, हेच कळत नाही. मला दोन्हींत 'पाचोळा' उजवी वाटली, पण शीर्षक 'उसवण'चं जास्त खोल आहे.

कथांमध्ये आसाराम लोमटे यांचा 'आलोक' (साहित्य अकादमी, २०१६). कथा लांब आहेत, एका बैठकीत एकच वाचावी. गावातली सत्ता कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते आणि त्यात साध्या माणसाचं काय होतं, हे लोमटे आवाज न चढवता दाखवतात. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' पुन्हा वाचली. ती शाळेच्या पुस्तकात वाचून 'टोमॅटोची गोष्ट' म्हणून विसरलेल्यांनी आता परत वाचावी. भाव पडलेल्या बाजारात बाप स्वतःच पिकवलेला माल पायाखाली तुडवतो, आणि पाहणारं त्याचं पोर असतं. कथेत एकही आकडेवारी नाही, तरी शेतीमालाच्या भावाबद्दल एवढं स्पष्ट मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

कवितेत ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७). इतिहासात अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. जुन्या मराठीत 'लीळाचरित्र', आणि त्याहून मागं जाऊन हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती', स. आ. जोगळेकरांच्या मराठी आवृत्तीतून. नरहर कुरुंदकरांचे लेख मधेमधे चालूच असतात. विरोधकाची बाजू ते विरोधकापेक्षा चांगली मांडतात आणि मग उत्तर देतात. म्हणून त्यांचा लेख अर्ध्यात सोडला तर नेमकं उलटं मत त्यांच्या नावावर जमा होतं.

माझ्या कोऱ्या पानावर अजून न खोडलेले शब्द आणि प्रश्न: उसवणं नेमकं कसं करतात, उदगीरकडची क्रियापदं, फसली सन, लीळाचरित्रातलं 'एथ', पोटरी आणि निसवणं यांतला फरक. जाणकारांनी लिहावं.

तेरणा

उसवण म्हणजे नुसतं फाटणं नव्हे, हे आधी लक्षात घ्या दादा. फाटतं ते कापड, उसवते ती शिवण. कापड शाबूत असतं, जोडणारा दोरा गेलेला असतो.

मशीनच्या शिवणीत दोन दोरे असतात, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनचा. दोन्ही एकमेकांत अडकून कापडाच्या मधोमध गाठ बसते. म्हणून एक दोरा नुसता ओढला तर तो सरकत नाही. टाके आवळतात, कापडाला चुण्या पडतात आणि पातळ कापड असेल तर विरतं. बरोबर पद्धत अशी: शिवण दोन्ही बोटांनी ताणून धरायची, ब्लेडच्या कोपऱ्यानं एकाच बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापत जायचा, चार-पाच इंच झाले की कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ओढायचा. तो सलग निघतो, आणि पहिल्या बाजूला दोऱ्याचे बारीक तुकडे उरतात ते झटकायचे. ब्लेड कधीही शिवणीला आडवं चालवायचं नाही. घाईत कापडाला काप गेला की ते उसवणं राहत नाही, नुकसान होतं.

सुईची भोकं राहतात. पाण्याचा हबका मारून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली की सुती कापडाची भोकं बरीच मिटतात, टेरिकॉटची मिटत नाहीत. मुलांच्या गणवेशाला आत इंचभर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवतात ती याचसाठी: पुढच्या वर्षी उसवायचं आणि सोडायचं. तयार कपड्यात ही माया ठेवतच नाहीत, कारण हजारो नगांत तेवढं कापड वाचतं. आता कादंबरीचं नाव पुन्हा वाचा. शिंप्याचं कामच मुळी उसवून पुन्हा जोडण्याचं. आणि बाजारात असा कपडा आला की ज्यात उसवून जोडायला काही शिल्लकच नाही.

'पाचोळा' उजवी हे मात्र मला पटलं नाही. दोन्हींचा घाट वेगळा आहे. 'पाचोळा' घर कोसळताना दाखवते, 'उसवण' एक धंदा टाका-टाका सुटताना दाखवते. दुसरं लिहायला अवघड, कारण त्यात एकही मोठा प्रसंग हाताशी नसतो.

मन्याड

बोलीबद्दल. उदगीरच्या भाषेसाठी प्रसाद कुमठेकर यांची 'बगळा' घ्या. शाळकरी पोराच्या तोंडून आहे आणि उदगिरी बोली जशी कानावर पडते तशी कागदावर आली आहे.

वाचकाला शब्दांपेक्षा क्रियापद अडवतं. प्रमाण मराठीत 'मी जात आहे', आमच्याकडं 'मी जायलोय' किंवा 'जायलालो'. 'काय करत आहेस' याला 'काय करायलास'. 'पाऊस येत आहे' ते 'पाऊस यायलाय'. बाहेरचा वाचक 'करायला' म्हटल्यावर पुढं 'गेला', 'लागला' असं काही येईल म्हणून थांबतो आणि वाक्याचा तोल जातो. इथं ते पूर्ण क्रियापद आहे, चालू काळ दाखवणारं. एवढं एक कळलं की निम्मी अडचण संपते. उरलेले नेहमीचे शब्द: 'कामून' किंवा 'काहून' म्हणजे का, 'हौ' म्हणजे हो, 'बक्कळ' म्हणजे भरपूर.

उपाय एकच, पहिली वीस पानं मोठ्यानं वाचायची. लेखन उच्चाराप्रमाणं असतं, डोळा त्याला बिचकतो, कान बिचकत नाही. शब्दकोशाला हात लावायचा तो प्रकरण संपल्यावर. सिंदफणा, तुमचं पथ्य बाकी पुस्तकांना लागू आहे, बोलीतल्या पुस्तकाला पहिल्या वाचनात ते पाळू नका. लय तुटली की विनोदही जातो आणि दुःखही.

कयाधू

भालेरावांच्या पुस्तकासोबत तीन गोष्टी जवळ ठेवाव्या लागतात: जुना नकाशा, फसली सनाचा हिशेब आणि निजामी कारभारातले शब्द.

आधी नकाशा. त्या काळचा मराठवाडा पाच जिल्ह्यांचा: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला वेगळे झाले. म्हणून पुस्तकात 'परभणी जिल्हा' दिसला तर गाव आज हिंगोलीत असू शकतं, परतूरकडचं असेल तर जालन्यात. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो उदगीर, निलंगा, अहमदपूरचा. हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिथल्या लढ्याची माहिती मराठवाड्याच्या प्रकरणात सापडली नाही की लोक म्हणतात लेखकानं सोडून दिलं. बीदरखाली शोधा. मन्याड यांनी सांगितलेल्या बोलीमागंही हेच आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात नांदत होत्या.

फसली सन, म्हणजे सारावसुलीसाठी धरलेलं सरकारी वर्ष. हैदराबाद राज्यातलं फसली वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू व्हायचं, पहिला महिना आजूर, शेवटचा आबान. ६ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळातली तारीख असेल तर फसली सनात ५९० मिळवा, १ जानेवारी ते ५ ऑक्टोबर असेल तर ५९१. म्हणजे १३५७ फसली सुरू झालं ऑक्टोबर १९४७ मध्ये, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली ती त्याच वर्षाच्या शेवटाकडं. सरसकट ५९० मिळवणारे १७ सप्टेंबरला, म्हणजे हैदराबाद मुक्त झालं त्या दिवसाला, एक वर्ष आधी नेऊन ठेवतात. दुसऱ्या प्रांतांतला फसली सन वेगळ्या महिन्यात सुरू व्हायचा, तिकडचं कोष्टक इथं चालत नाही.

शब्द. 'तालुकदार' वाचून तालुक्याचा अधिकारी समजू नका. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा मुख्य, आजच्या कलेक्टरच्या जागेवरचा. तालुक्याला तहसीलदार. 'सर्फ-ए-खास' म्हणजे निजामाची खासगी मालकीची गावं, ज्यांचं उत्पन्न थेट त्याच्याकडं जायचं. 'दिवाणी' म्हणजे सरकारी अंमलाखालचा मुलूख. जागिरी, म्हणजे सरदारांना नेमून दिलेली गावं, आणि पायगा, म्हणजे फौज बाळगणाऱ्या अमीर घराण्यांच्या जागिरी, वेगळ्या. एकाच रस्त्यावरच्या दोन गावांत अंमल निराळा असायचा, त्यामुळं एका गावात साराबंदी झाली आणि शेजारी नाही, याचं कारण पुष्कळदा इथं सापडतं. पैसा 'हाली', म्हणजे निजामी नाण्यातला, असेल तर सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (इंग्रजी) रुपये, हे धरून हिशेब करा.

हे सगळं बी. रघुनाथांच्या कथा-कादंबऱ्या वाचतानाही लागतं. ते स्वतः निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते, त्यामुळं कचेरीतले शब्द त्यांच्या लेखनात फार अचूक आहेत.

गोदातीर

'एथ'बद्दल. लीळाचरित्रात 'एथ' याचा अर्थ दर वेळी 'इथे' नाही. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणत नाहीत, 'एथ', 'एथौनि', 'एथचें' असं म्हणतात. 'इथून हे झालं' म्हणजे 'माझ्याकडून झालं'. हे माहीत नसलं की संवादात बोलणारा कोण आणि कुणाबद्दल, हेच हरवतं. वाचताना पहिल्या पंधरा-वीस लीळांत प्रत्येक 'एथ'भोवती गोल करा, नंतर सवय होते.

दुसरं, लीळा सलग कथा म्हणून वाचू नका. म्हाइंभटांनी आठवणी गोळा करताना कुणी सांगितलं, कुठं घडलं हे जपलं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध हे भाग लक्षात ठेवा आणि शेजारी 'स्थानपोथी' ठेवा. स्वामी कुठल्या गावात कुठल्या देवळाच्या कुठल्या दिशेला बसले, हे तिच्यात नोंदलेलं आहे. एळापूर म्हणजे वेरूळ, प्रतिष्ठान म्हणजे पैठण. देवळांच्या दिशा कळल्या की यादवकाळातलं गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. ते दुसऱ्या कुठल्या ग्रंथात इतकं बारीक नाही.

शब्दांसाठी मोल्सवर्थ पुरत नाही, तो एकोणिसाव्या शतकातल्या मराठीचा कोश आहे. यादवकालीन मराठीला तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) घ्या. तो, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. शोधताना जुनं रूप टाका, 'म्हणाले' नव्हे, 'म्हणीतलें'. तरी नाही सापडलं तर अनुस्वार काढून पाहा. पोथ्यांत तो कधी असतो, कधी नसतो.

आवृत्ती कुठली हे विचारल्याशिवाय जुना ग्रंथ विकत घेऊ नये. लीळाचरित्राच्याच नेने, तुळपुळे, कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. कुणी नुसतं 'पूर्वार्ध ३४' असं लिहिलं तर संपादकाचं नाव विचारा. या कामाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा माणूस पैठणचा आहे: एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आपली ओवी त्यात घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो, असं त्यांनी बजावून ठेवलं. संपादकाची जबाबदारी इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेली नाही.

गाथासप्तशतीबद्दल एवढंच: मूळ प्राकृत ओळ सोडून नुसता मराठी अर्थ वाचू नका. 'गोला' दिसली की ती गोदावरी. 'सुण्हा' सून, 'अत्ता' सासू, 'पोट्ट' पोट, आणि 'चिक्खल्ल' चिखल. सिंदफणा, तुमच्या यादीत 'लाल चिखल' आहे; तो शब्द गोदेच्या काठावर किती शतकं टिकलाय बघा.

बालाघाट

पोटरी आणि निसवणं. ज्वारीच्या कणसाचा पोंगा शेवटच्या पानाच्या देठात फुगून बसतो, कणीस अजून बाहेर नसतं, त्याला पोटरीत येणं म्हणतात. तो फाडून कणीस बाहेर पडतं ते निसवणं. मग फुलोरा, मग दाणा चिकात येतो, दाबला की दुधासारखं निघतं. चीक घट्ट झाला की हुरडा. हुरड्याचे दिवस फार थोडे. दाणा टणक होऊ लागला की भाजून चोळला तरी गोडी येत नाही. आपल्याकडची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, म्हणून हुरडा डिसेंबर-जानेवारीचा.

पोटरीत ताण बसला तर कणीस अर्धवट अडकतं आणि दाणा कमी भरतो. म्हणून शेतीच्या कवितेत पोटरीतलं रान आलं की तिथं आनंदाइतकीच पाण्याची काळजीही असते. महानोर स्वतः शेतकरी, त्यांच्याकडं रान नुसतं हिरवं नसतं, ते कुठल्या अवस्थेत आहे हे ठरलेलं असतं. शहरातल्या समीक्षेत हे सगळं 'निसर्गप्रेम' या एका शब्दात गुंडाळतात, त्याचं वाईट वाटतं.

सिंदफणा

मन्याड, बोलीच्या पुस्तकाला पथ्य सोडायचं हे मान्य. तेरणा, तुमचं वाचून 'उसवण'ची शेवटची पानं पुन्हा काढली. 'पाचोळा' उजवी हे वाक्य मी मागं घेतो. कयाधू, कोऱ्या पानावर पाच तारखा होत्या, त्यांतल्या दोन मी एक वर्षानं चुकवल्या होत्या.

एक शेवटचा प्रश्न. भालेरावांच्या पुस्तकाची जुनी प्रत आहे, मधला एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, सुटून हातात आलाय. चिकटपट्टी लावावी का?

दुधना

चिकटपट्टी अजिबात नको. काही वर्षांत तिचा चिकटा कागदात मुरून पिवळा-तपकिरी डाग पडतो, पट्टी सुकून गळते, डाग राहतो. आपल्या उन्हाळ्यात तर ते आणखी लवकर होतं. फेव्हिकॉलही नको, तो वाळला की पाठ कडक होते आणि पुस्तक उघडताना शेजारचं पान फाटतं.

फर्मा शिवलेला होता की नुसता चिकटवलेला, हे आधी पाहा. मधोमध उघडल्यावर घडीत जुनी भोकं दिसली तर शिवलेला. त्याच भोकांतून शिवा, नवी पाडू नका. भोकं जुळत नसतील तर तीनच घ्या, एक मधलं, दोन वर-खाली, कडेपासून दीड-दोन सेंटीमीटर सोडून. सुती दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात घालून आत या, आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर, आणि बाहेरून परत मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनंच ओढायचा. कागदाकडं ओढला तर भोक चिरत जातं. गाठीपासून सेंटीमीटरभर शेपूट ठेवा.

मग खळ. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर फर्म्याच्या पाठीला आणि पहिल्या पानाच्या आतल्या कडेला जेमतेम तीन मिलिमीटर लावा. जागेवर बसवून दोन्ही बाजूंना मेणकागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. खळ जास्त झाली तर पानं एकमेकांना धरतात. दोन-तीन दिवसांनी उरलेली खळ टाकून द्या, आंबते. जुने बाइंडर तीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, आणि कागदालाही चांगलं नाही. घरात वापरू नका.

दुरुस्त प्रत कुलरच्या वाऱ्यात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर हवा कोरडी असते, पण कुलरसमोरच्या कपाटात दमट हवा दिवसभर जाते आणि मागच्या भिंतीला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. तळाच्या फळीवर पुस्तकं नकोत, वाळवी तिथूनच चढते.

आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तुम्ही शब्द लिहिलेत ते पेन्सिलीनंच आहेत ना? खळ ओली असताना शाई फुटते.

सिंदफणा

पेन्सिलीनंच आहेत. मेण आणि मैदा घरात आहे, दोरा पांढरा सुती चालेल का, की तागाचाच हवा?

तेरणा

चाळीस नंबरचा सुती घ्या, दुहेरी करून मेण लावा. पॉलिस्टर नको, तो कागद कापतो.